धवलारणीचा चढ

येसूबाईंचा नेम असा, की पहाटे अंघोळ करून एकवीरा आईपुढे दिवा लावायचा आणि चहाचा घोट घेण्याआधी लग्नातला एक धवला म्हणायचा. रेवसच्या अलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावात चाळीस वर्षं एकही लग्न त्यांच्या धवल्यांवाचून लागलं नव्हतं. धवलारीण गाण्यातून देवांना मांडवात बोलावते. देवच आले नाहीत, तर अक्षता कोणाच्या साक्षीनं पडायच्या? मिठागरात पायात खिळा गेला, जखम साखरेच्या दुखण्यानं चिघळली, उजवा पाय गुडघ्यावरून काढावा लागला, तरी नेम चुकला नाही. लग्नं मात्र चुकली.

त्याला कारण गावाचा समाज हॉल. उधाणाचं पाणी आत शिरतं म्हणून तो तीन फूट उंच बांधलेला, सहा पायऱ्यांचा. पाय गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं, तोच नवरीची आत्या पुटपुटली, "अगो बाय, लग्नघरी चौघांच्या खांद्यावर?" आत्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिरडी सगळ्यांनाच दिसली. येसूबाईंनाही.

"खाली ठेवा मला," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर दोन वर्षं हॉलकडे फिरकल्या नाहीत. लग्नांत मोबाईलवरचे धवले वाजू लागले.

आता वैशाखात त्यांच्या नातीचं, प्राप्तीचं लग्न होतं.

"आजी, तू धवले गायला आली न्हायस तर मी बोहल्यावर चढायची न्हाय."

"चढ गो गुमान. मी खालनं गाईन."

"खालनं? मग तुझे देव पण पायरीवरच बसतील."

प्राप्ती पंचायतीच्या केंद्रात लोकांचे अर्ज भरून द्यायची. तिथंच तिला एका संस्थेचं लहानसं अनुदान सापडलं. गावाच्या सामायिक जागेत ज्यांना जाता येत नाही त्यांची वाट मोकळी करण्यासाठी ते होतं. अट एकच होती. ज्याची अडचण, त्यानंच ती सांगायची.

अर्ज गेला, आणि पंधरा दिवसांनी संस्थेची क्षिप्रा गावात आली. येसूबाईंच्या ओटीवर बसून तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला नक्की काय हवंय?"

हॉलच्या समितीचे अध्यक्ष धर्माजी घाईनं म्हणाले, "त्यांना काय, जरा कोणी हात दिला की..."

"काका, मी आजींना विचारलं."

येसूबाईंनी पदर खांद्यावर नीट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "मला वर जायचंय. माझी मी."

क्षिप्रानं तेवढंच लिहून घेतलं.

चाकांची खुर्ची चढेल असा रॅम्प बांधायला अनुदान मंजूर झालं. निकेश गवंडी खडू घेऊन हॉलसमोर आला आणि धर्माजींनी त्याला पायरीपासून रस्त्यापर्यंतची जागा दाखवली. "बारा फूट हाय. त्यात बसव सरळ."

चाकांच्या खुर्चीतून येसूबाई बघत होत्या. खडूची रेघ संपली तशा त्या हलकेच म्हणाल्या, "निकेश, ही घसरगुंडी हाय रे. हिच्यावरनं मी थेट खाडीत."

"मावशी, आता बांधकामपण तुम्ही शिकवणार?" धर्माजी हसले.

"तीस वर्षं डोक्यावर मिठाची टोपली घेऊन रास चढलेय मी, धर्माजी. मुकादमानं फळी उभी लावली की बाई घसरलीच. मग आम्हीच ती लांब लावून घ्यायचो. चढाला एक वीत, तर लांबीला बारा. तेव्हा कुठं भरल्या टोपलीनिशी दम न लागता वर जाता यायचं."

क्षिप्रानं हातातला कागद उलटला आणि तिला हसू आलं. "काका, आमच्या इंजिनिअरनंही हेच लिहिलंय. एकाला बारा."

"म्हणजे छत्तीस फूट? जागा कुठं हाय?"

"बांध काय सरळच असतो?" येसूबाईंनी बोट फिरवलं. "कोपऱ्याला वळवा, बाजूनं न्या. वळणावर सपाट जागा ठेवा, दम खायला."

"बाजूला तर जेवणाची चूल लागते! एका मानसासाठी चूल हलवायची?"

आता स्वयंपाकाच्या बायकांची म्होरकी वेणूबाई पुढे आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चूल माझी हाय, दादा. मी हलवते. आन् भाताचे टोप काय पंख लावून वर जातात? दर लग्नाला आमची कंबर जाते. या चढावरनं ढकलत नेऊ. आन् तुम्ही परवा त्या पायऱ्या कशा उतरलात, सांगू का सगळ्यांना?"

बायका खिदळल्या. धर्माजींनी नकळत गुडघ्यावरून हात फिरवला. "बरं, वळवा," ते म्हणाले.

लग्नाच्या दिवशी पहाटे येसूबाईंनी दिवा लावला, पण धवला म्हटला नाही. आज तो वर म्हणायचा होता. चहाही तसाच राहिला. हिरवं लुगडं, केसांत अबोली. खुर्ची रॅम्पच्या तोंडाशी आली तशी चार तरणी पोरं सवयीनं पुढे धावली.

"हात लावायचा न्हाय," प्राप्ती मुंडावळ्या सावरत खिडकीतून ओरडली.

येसूबाईंनी चाकांना हात घातला. एक रेटा, दुसरा रेटा. बांगड्या वाजत होत्या. वळणावर त्या थांबल्या. मागे कठडा धरून धर्माजी एकेक पाऊल टाकत येत होते.

"तुम्ही कुठं?"

"तुम्ही चढा, मावशी. मी आपला... मागं हाय."

"पुढं जायचंय का?"

"न्हाय न्हाय. आधी धवलारीण."

पुन्हा रेटा. शेवटचा हातभर चढ राहिला. आईचं नाव घेऊन त्यांनी जोर लावला, आणि चाकं हॉलच्या फरशीवर आली. खालून वेणूबाईनं टोपावर डाव आपटून असा गजर केला, की स्पीकरवाल्यानं आपला आवाज आपणच बंद केला.

दोन वर्षांपूर्वीच्या लग्नातली ती आत्याही आली होती. हळद-कुंकू लावून ती येसूबाईंच्या खुर्चीपाशी वाकली. येसूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्यांनी डोळे मिटले. दोन वर्षं चार भिंतींत म्हटलेला सूर मांडवभर झाला. गणपतीला बोलावलं, एकवीरा आईला बोलावलं, खाडीला, मिठागराला, गेलेल्या वाडवडिलांना. शेवटी थांबून त्यांनी एक ओळ पदरची घातली.

"पायरीनं या गो देवांनो, चढानं या. थकल्यांनी चढानं या."

आणि बोहल्यावर उभ्या प्राप्तीनं अंतरपाटाआडून मोठ्यानं ओळ धरली, "चढानं या!"