कलश, भस्म आणि भालचंद्रकाकांचा टेस्टर

भोपाळच्या शिवाजी नगरातल्या क्वार्टर्सच्या मधल्या हॉलपुढे एप्रिलच्या उन्हात रांग लागायची, ती नळापासून. नळावर हात धुवायचे, पुसायचे नाहीत, आणि तसेच ओले हात घेऊन आत जायचं. पाणी नगर निगमचंच होतं. पण हॉलमध्ये उतरलेल्या महाराजांचे सेवक सांगत की त्यांनी सकाळी टाकीकडे नुसतं पाहिलं तरी त्याचं तीर्थ होतं, आणि तीर्थ कुणी रुमालाला पुसतं का. टाकीकडे मीही रोज पाहतो. माझ्या पाहण्याने तिच्यातलं शेवाळसुद्धा हललेलं नाही.

आत चौरंगावर तांब्याचा कलश. वर जाळीचं पितळी झाकण, पोटावर काचेचा मोठा खडा. जाळीपासून चार बोटं वर उजवा तळवा धरायचा. महाराज डोळे मिटून अर्धा मिनिट स्तोत्र म्हणत आणि खडा आतून उजळे. लाल म्हणजे देहात दोष, हिरवा म्हणजे देह शुद्ध. पहिल्या दिवशी लाल ठरलेला. मग भस्माची पुडी, अकरा दिवसांचा नेम, आणि शेवटच्या दिवशी नळाकडे न फिरकता दोन्ही तळव्यांना भस्म चोळून यायचं. तेव्हा खडा हिरवा. बायका डोळे पुसत, पुरुष उगाच खोकत.

"डॉक्टरचं मशीन हाड बघतं," महाराज सांगत, "माझा कलश कर्म बघतो." कर्म बघणाऱ्या या कलशाला पावसाळा मात्र सोसत नसे. ते चार महिने महाराज मौनात जातात, असं सेवकांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

भोपाळात माझी चाळीस वर्षं गेली. लिंबातून रक्त काढणारा पाहिला, जमिनीतला हंडा हुंगणारा पाहिला. आता रागही येत नाही. कार्यक्रम संपला की खुर्च्या मोजून परत लावायच्या, एवढंच माझ्याकडे उरतं. हॉलची वहीही माझ्याकडेच असते, आणि निवृत्त कारकुनाच्या हाती वही दिली की तो नको तेही लिहितो. मी नाव, दुखणं आणि खड्याचा रंग लिहीत होतो. दानपेटीत काय पडलं ते लिहिलं नाही, तो माझा प्रांत नव्हे.

खरं सांगायचं तर लोकांचा विश्वास महाराजांवर नव्हताच. तो भालचंद्रकाकांवर होता. वीजयंत्रांच्या मोठ्या सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. खिशाला पेनाऐवजी टेस्टर, तो स्क्रू फिरवायच्या पेचकसासारखा लाइनटेस्टर. पहिल्याच दिवशी त्यांनी तो कलशाला चहूबाजूंनी लावून पाहिला होता. चौरंगाखाली हात फिरवला. वायर नाही, प्लग नाही, टेस्टरमधला दिवा पेटत नाही. "करंट नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "करंट नाही, तरी खडा पेटतो. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा." त्या दिवसापासून रांग दुप्पट झाली. महाराजांनी असा दाखला मागूनही मिळाला नसता.

या दाखल्यावर सर्वांत जास्त भरवसा टाकला तो त्यांच्याच बायकोने. सुनंदावहिनींच्या छातीत गाठ निघाली होती. साकेत नगरच्या इस्पितळाने गुरुवारची शस्त्रक्रिया नक्की केली होती, दाखल व्हायचं बुधवारी पाचच्या आत. नाही तर खाट दुसऱ्याला आणि पुढची तारीख दीड महिन्यानंतर. मंगळवारी वहिनींचा अकरावा दिवस होता. खडा हिरवा झाला. महाराज म्हणाले, गाठ आता नुसती सावली आहे. वहिनींनी घरी जाऊन भरलेली पिशवी रिकामी केली.

बुधवारी सकाळी त्यांची भाची जुई आली. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. मावशीला समजावून थकली होती. मावशीचं एकच उत्तर, तुझ्या काकांनी टेस्टर लावून पाहिलंय. मग ती हॉलवर येऊन माझ्याजवळ बसली.

"सुरेशकाका, वही देता का जरा?"

दिली. पहिल्या दिवशीची एकशे त्रेचाळीस माणसं, त्यात एकशे बेचाळीस लाल. अकराव्या दिवशीची एकसष्ट, सगळी हिरवी. गुडघा, साखर, रखडलेलं लग्न, सगळं नेमाने अकराव्या दिवशी बरं. जुई म्हणाली, इतकी शिस्त आमच्या प्रार्थनेच्या रांगेतही नसते. मग तिने त्या एकट्या हिरव्यावर बोट ठेवलं. दत्तू, जवाहर चौकात इस्त्रीचं दुकान, पहिल्याच दिवशी शुद्ध. महाराजांनी त्याला पुण्यात्मा म्हटलं होतं, आणि त्याच्या बायकोला ते ऐकून ठसका लागला होता. दत्तू सेवेला तिथेच होता. त्याला विचारलं.

"मी तर दुकानातून सीधा आलो होतो न ताई. नळावर भीड होती, हात कोण धुणार."

जुईने वही मिटली. तेवढ्यात भालचंद्रकाका वहिनींना घेऊन नमस्काराला आले; वहिनींच्या तळव्यांना आजही भस्म होतं. जुई त्यांच्या पाया पडली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काका, एकच रीडिंग घेऊन तुम्ही कधी ट्रान्सफॉर्मर पास केलात?"

"कधीच नाही. तीन घ्यायचो."

"मग मावशीला कसं पास केलंत?"

  काका नळावर गेले, हात धुतले आणि ओला तळवा जाळीवर धरला. लाल. महाराज म्हणाले, शंका हाही दोषच असतो. काकांनी जुईचा रुमाल मागितला, हात कोरडे केले, भस्म चोळलं, जाळीवरची दमट हवा जाईपर्यंत थांबले आणि पुन्हा तळवा धरला. हिरवा. पुन्हा नळ, पुन्हा लाल. दहा मिनिटांत त्यांचं कर्म दोनदा बदललं होतं.

"दत्तू, ते फडकं दे," काका म्हणाले. फरशी पुसायचं ओलं फडकं त्यांनी जाळीवर धरलं. या वेळी स्तोत्रही नव्हतं. खडा लाल झाला.

दत्तूने हात जोडले. "महाराजजी, पोछ्याचंही कर्म असतं का?"

महाराज उठले. कलश हलवला तर घराणं बुडेल, असं त्यांनी बजावलं.

"माझं घराणं ती समोर बसलीय," काका म्हणाले, आणि कलश उलटा केला. बुडाला चार स्क्रू होते. काकांनी खिशातून टेस्टर काढला. ज्या टेस्टरने दाखला दिला, त्याच्याच टोकाने त्यांनी चारही स्क्रू काढले.

आत देव नव्हता. खेळायच्या पत्त्याएवढा एक बोर्ड होता, त्याच्या खाचांत पिनांनी खोचलेले दोन छोटे बोर्ड, आणि मोबाइलमध्ये असते तशी चपटी बॅटरी. जुईने एकेक उपसून दाखवलं. हा हवेतला ओलावा मोजतो, हा दिवा लावतो. ओलावा ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की लाल, खाली राहिला की हिरवा. सोल्डरिंगही लागत नाही, नुसतं खोचायचं. तिच्या सातवीच्या मुली असेच बोर्ड जोडून शाळेच्या धान्याच्या कोठीला ओल लागली का ते बघतात. अर्ध्या मिनिटाचं स्तोत्र, ते बिचाऱ्या सेन्सरला हवा समजायला वेळ मिळावा म्हणून. आणि पावसाळ्यात सगळी हवाच ओली, तिथे भस्म काय करणार, म्हणून मौन.

"पण टेस्टर पेटला नाही," काका हळूच म्हणाले.

"तो घरच्या लाइटीसाठी असतो, काका. मोबाइलच्या बॅटरीला लावून बघा, तिथेही पेटणार नाही."

त्यांनी लावून पाहिला. नाही पेटला. छत्तीस वर्षं ज्याने कारखाना सांभाळला त्या माणसाला खुर्ची द्यावी लागली.

महाराज गाडीत बसून गेले. रांगेतल्या बऱ्याच जणांनी घरचा रस्ता धरला. काहींनी सेवकांना विचारून घेतलं की महाराज पुन्हा कधी येतील. दोन बायकांनी उरलेलं भस्म पदरात बांधून नेलं. मला नवल वाटलं नाही, खुर्च्या तेवढ्या लावल्या.

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं. कलशात काय आहे हे न कळणं हा गुन्हा नाही. मलाही कळलं नव्हतं. पण जे कळत नाही त्याला लगेच देवाचं नाव देऊ नका. हात पुसून पुन्हा ठेवून बघा. रीत बदला, माणूस बदला, फडकं ठेवून बघा. आणि शहाण्या माणसाने एकदा बघितलंय म्हणून आपण बघायचं सोडू नका, कारण शहाणाही आपल्या खिशातल्या टेस्टरापुरतंच बघतो. गाठीला खड्याचा रंग कळत नाही. ती वाढत राहते.

 सुनंदावहिनी उठल्या, नळावर गेल्या, तळव्यांवरचं भस्म धुतलं आणि हात पदराला नीट कोरडे केले.

"जुई, ती खाट कितीपर्यंत आहे म्हणालीस?"

"पाचपर्यंत, मावशी."

"मग पिशवी भरायला चल. यांना काही सापडत नाही."

वहीत त्यांच्या नावापुढे मंगळवारचा हिरवा लिहिलेला होता. तो मी खोडला आणि लिहिलं: साकेत नगरला गेल्या, दुपारी सव्वादोन.