गाडी डावीकडे ओढते

हैबतरावांना संशय यायला कारण लागत नसे. दूधवाल्याच्या मापावर संशय, रेडिओवरच्या हवामानावर संशय, आणि जावई फार गोड बोलला की त्याच्यावर तर दुप्पट. रोह्याकडच्या आपल्या गावात भात आणि वाल पिकवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मग कुणाच्या तरी नादानं त्यांनी कोरा दहाचाकी ट्रक घेतला. धाटावच्या कारखान्यांतून केमिकलचे ड्रम उचलायचे आणि गणपतीच्या आधी हमरापूरच्या मूर्ती पोचवायच्या, असं कामही लागलं. या ट्रकवर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास. इतका विश्वास त्यांनी माणसावर कधी टाकला नव्हता.

ड्रायव्हर होता जनू. पेणच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. हात साफ, डोकं जरा तापट. त्याची बायको सरू हमरापुरात धोंडुबाईच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला जायची. सरूचा बाप दारूपायी गेला होता. लग्नाआधी तिनं जनूला एकच गोष्ट विचारली होती, आणि त्यानं सांगितलं होतं, नाय पीत. खरंच तो पीत नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो. या गोष्टीतल्या एकालाही ते खरं वाटत नाही, निदान वाचणाऱ्याला तरी वाटावं.

झालं ते असं. धोंडुबाईच्या मूर्ती भरून जनू रोह्याला निघाला होता. वडखळला पुढची एसटी अचानक थांबली. जनूनं ब्रेक दाबला, तर ट्रक सरळ थांबायचा सोडून भसकन डावीकडे गेला आणि रस्त्याकडेच्या बांधाला टेकला. माणसाला काही झालं नाही. पण मागे पेंढ्यात बसवलेले गणपती एकमेकांवर आपटले. कुणाची सोंड गेली, कुणाचा आशीर्वादाचा हात.

"पिला व्हतास?" हैबतरावांनी पहिला प्रश्न हाच केला.

"शेट, गाडी डाव्या अंगाला ओढते. रोज नाय, कवातरी."

"कोरी गाडी हाय. कोरी गाडी ओढते?"

तरी त्यांनी पेणच्या गोविंदा मिस्त्रीला गाडी दाखवली. गोविंदानं रिकामा ट्रक चौकापर्यंत नेऊन आणला. गेला सुतासारखा सरळ, थांबलाही सरळ. "गाडी ठणठणीत," असं म्हणून त्यानं हात पुसले. आता गाडी ठणठणीत म्हटल्यावर खोट उरली ती ड्रायव्हरमध्येच. हैबतरावांनी हे धाटावच्या नाक्यावर चार जणांत बोलून दाखवलं, आणि चार जणांत बोललेलं पेणला पोचायला आमच्याकडे फोन लागत नाही.

"सरू गो, दादल्याला संभाल," धोंडुबाई म्हणाली. तिच्या मूर्ती फुटल्या होत्या, तिला बोलायचा हक्कच होता.

सरू घरी काही बोलली नाही. फक्त जनू आला की त्याचा शर्ट धुवायला घेताना ती आधी नाकाशी धरायला लागली. एकदा जनूनं ते पाहिलं. हैबतरावांचं बोलणं त्यानं अंगाला लावून घेतलं नव्हतं, पण हे त्याच्या काळजाला लागलं. रात्रभर तळमळला. सकाळी उठला तो तडक हमरापूरला, धोंडुबाईच्या कारखान्यात. सगळ्या बाया कामाला बसल्या होत्या, सरूही होती. दारातून आत येताना जी मोठी मूर्ती पहिली लागली, तिच्या पायावर त्यानं हात ठेवला.

"या देवाची शपत. माज्या पोटात दारूचा थेंब गेला असंल तर माजा हात झडंल."

धोंडुबाईनं मूर्तीकडे पाहिलं, मग सरूकडे. अंगाचा रंग झाला होता, पितांबर झाला होता, दागिने झाले होते. डोळे आखायचे राहिले होते. हमरापुरात डोळे सगळ्यात शेवटी आखतात, तेही ठरावीक हातांनीच. तोवर त्या मूर्तीला कुणी देव म्हणत नाही, कारण ती अजून काही बघत नाही. हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मिठागरातल्या माणसाला कुठून असायचं?

"बरा देव शोदलास," कोपऱ्यात रंग कालवणारी बायजा म्हणाली. "तो बगतच नाय!"

बाया हसल्या. सरू हसली नाही. भिंतीशी डोळे आखून झालेल्या मूर्तींची अख्खी रांग उभी होती. ती सोडून याचा हात नेमका इथंच कसा पडला, हा किडा तिच्या डोक्यात शिरला आणि तिथंच बसला.

"त्या रांगेतल्या देवावर का नाय ठेवलात हात?" घरी आल्यावर तिनं विचारलंच.

"कंची रांग? मना सगले देव सारकेच दिसले."

"मी डोले आखते. माजा दादला म्हनतो, सारकेच दिसले."

"मग चल, आता चल. तू सांगशील त्या देवावर हात ठेवतो."

"आता काय उपेग? मी शिकवलेली शपत माज्याच कामाची नाय."

जनूनं ताट सरकवलं आणि तो बाहेर गेला. त्याची बाजू मला कळते, पण खरं सांगायचं तर तिचीही कळते. बापाच्या शपथा ऐकत ती मोठी झाली होती.

त्याच आठवड्यात हैबतरावांना फोन आला. एक मुलगी फार अदबीनं बोलत होती. "सर, मी कंपनीकडून बोलतेय. तुमच्या मॉडेलच्या काही गाड्यांच्या पुढच्या ब्रेकमध्ये दोष आढळलाय. लोड असताना ब्रेक मारला तर गाडी एका बाजूला ओढू शकते. गाडी शोरूमला आणा, पार्ट मोफत बदलून देऊ. तेवढा चेसिस नंबर सांगता का?"

हैबतरावांनी कान टवकारले. गाडी ओढते, हे तर जनूचेच शब्द. वर मोफत. वर नंबर मागते.

"तू जनूची कोन गो?" असं विचारून त्यांनी फोन कापला.

"अवो, शोरूमला एकदा विचारून तरी बगा," बायको गिरजाबाई म्हणाली.

"कसली शोरूम? कंपनी कवा आपल्याच मालाला नावं ठेवते? तू तुज्या वालाला कडू म्हनून इकशील? ह्यो त्या जनूचा कावा हाय. कोन बाई बोलायला लावलीन."

फोन पुन्हा आला तेव्हा त्यांनी नातवाकडून तो नंबरच बंद करून घेतला. दुसऱ्या दिवशी जनूच्या हातातून चावी काढून घेतली आणि नाक्यावर सांगितलं, आपली चूक झाकायला हा माणूस बाईला पुढे करतो. पेणला पोचेपर्यंत त्यातली चूक गळून गेली आणि नुसती बाई उरली.

"ती बाय कोन?" सरूनं विचारलं.

जनू तिच्याकडे बघत राहिला. दारू झाली, आता बाई. तो काही बोललाच नाही, आणि न बोलणाऱ्या माणसावर संशय दुणावतो तसा तिचा दुणावला. पावसात मिठागरं बंद. जनू दिवसभर खाडीच्या बांधावर बसून राहायचा. दुसऱ्या कुणाचा ट्रक मिळेना, कारण पिऊन चालवतो असं नाव पडलेल्याला गाडी देणार कोण? घरात ती दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखी वागायला लागली.

हैबतरावांनी ट्रकवर आपला मुलगा विठू बसवला. विठू माळकरी. दारू सोडा, त्यानं तंबाखूची पुडीसुद्धा कधी फोडली नव्हती. "आता बगू गाडी कशी ओढते," म्हणून हैबतरावांनी स्वतः नारळ फोडला. चार खेपा गाडी नीट गेली, आणि हैबतरावांची मान ताठ झाली.

मग एका भर दुपारी, नागोठण्याच्या अलीकडे, धाटावचे ड्रम भरलेले असताना म्हैस आडवी आली. विठूनं ब्रेक दाबला. ट्रक डावीकडे गेला तो रस्ता सोडून थेट भाताच्या खाचरात. म्हैस वाचली. विठूला लोकांनी पत्रा वाकवून बाहेर काढलं. हात मोडला, बरगड्या मोडल्या. दवाखान्यात बाप समोर दिसताच तो म्हणाला, "आबा, डावीकडं ओढली वो."

हैबतरावांनी मुलाच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं. आता संशय घ्यायला माणूसच शिल्लक नव्हता. त्यांनी स्वतः शोरूमला फोन लावला. कंपनीचा माणूस आला, खाचरात उतरून गाडीवरचा नंबर वाचला आणि म्हणाला, "ही गाडी आमच्या यादीत होती. तुम्हाला फोन केला होता की."

पोटच्या पोराला आपण त्या सीटवर बसवलं, एवढंच हैबतरावांना पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

ते जनूच्या दारात आले तेव्हा सरू अंगण झाडत होती. हैबतराव आत आले नाहीत. "जनू, ब्रेकच खोटा हाय. कंपनीच म्हनते. ती बाय पन कंपनीचीच व्हती. तू नाय पिला व्हतास. मी तुला नासवला, माफी कर." त्यांनी हात जोडले. "गाडी दुरुस्त होऊन आली की चावी तुजी."

"विठू कसा हाय?" जनूनं एवढंच विचारलं. बरा आहे म्हटल्यावर त्यानं मान हलवली, आणि हैबतराव निघून गेले.

सरूनं झाडू टाकला. ती रडत होती आणि हसतही होती. किती दिवसांनी तिनं जनूचा हात धरला. "मना ठाव व्हता. माज्या मनात कवापासना व्हता, तुमी नाय पिनार."

जनूनं हात सोडवला नाही. पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

"नाय गो सरू," तो म्हणाला. "तुला नव्हता ठाव. कंपनीला ठाव व्हता."