मामाची मांडी

सदानंद इंजिनिअर झाला, बहारीनला आला, मआमीरच्या कारखान्यात साहेब झाला; पण सख्ख्या भाचीच्या लेखी तो नुसता 'अंकल' होता. शाळेच्या बसचा ड्रायव्हर अंकल, खालच्या मजल्यावरचा वसईचा फ्रान्सिस अंकल आणि आईचा भाऊही अंकल. सब घोडे बारा टक्के. त्याच्या नीलाताईची ही आर्या वाढली बहारीनमधल्याच ईसा टाउनमध्ये. तिला मराठी समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. सदानंदच्या मनाला ते फार लागायचं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. शाळेत एक मेलेला इंग्रजी शब्द शोधून न्यायचा होता. सदानंदला आयतीच संधी मिळाली. त्याने शोधाशोध करून सांगितलं, की पूर्वी इंग्रजांकडेही मामासाठी खास शब्द होता, 'ईम'. काकासाठी निराळा. मग फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले आणि त्यांच्यामागून 'अंकल' आला. गंमत म्हणजे या अंकलचा लॅटिन पूर्वजसुद्धा फक्त मामाच होता. पण पुढे काका, आत्याचे यजमान, शेजारीपाजारी सगळेच त्यात घुसले आणि ईम बिचारा मेला.

"ओके, अंकल," आर्या म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी.

आज तिच्या धाकट्या भावाचे कान टोचायचे होते. कान टोचताना बाळ मामाच्या मांडीवर हवं, ही रीत. नेमका शिफ्टवरचा बदलीचा माणूस उशिरा आला आणि सदानंद कारखान्यातच अडकला. तिकडे गणपत सोनाराला दुकान उघडायची घाई. मयुरेशभावोजींनी फोनवर सांगितलं, "तू सावकाश ये रे. फ्रान्सिस आहे ना इथे, तो घेईल मांडीवर." सदानंद "चालेल" म्हणाला खरा, पण त्याला रडूच यायचं बाकी होतं. मामाचा म्हणून एवढा एकच तर मान होता.

तो पोहोचला तेव्हा सोनार दुसरा चहा पीत होता. फ्रान्सिस कोपऱ्यात हसू दाबत होता. आणि आर्या बाळाला कवटाळून पाटावर ठाण मांडून बसली होती. कुणाला हात म्हणून लावू देईना. नीलाताईने सांगितलं, भावोजी रागावले तर पोरीने त्यांनाच सुनावलं, तेही चक्क मराठीत:

"बाबा, त्यांचा ईम का मेला, माहितीये? त्याच्या जागेवर त्यांनी कुणालाही बसवलं."

सदानंद पाटावर बसला. बाळ मांडीवर आलं. सोनाराने सोन्याची तार टोचताच बाळाने भोकाड पसरलं, आणि मामाच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आर्याने बाळाला सोडून सदानंदचाच खांदा धरला.

"मामा, हलू नकोस," ती म्हणाली. "अजून एक कान राहिलाय."