नापसंत

रविताला आधी दोन ठिकाणांहून ‘पोरगी नापसंत’ असा निरोप आला होता. एकदा उंचीपायी, एकदा रंगापायी. वडील दुर्गाप्रसाद यांनी दोन्ही वेळा तो शब्द तिला जसाच्या तसा सांगितला होता. ती नेहमीसारखी तिरोड्याला, शिवणाच्या दुकानात कामाला निघून गेली होती.

तिसरं स्थळ गोंदियाचं. मुलगा लोकेंद्र, मोबाइलचं दुकान. चहा होताना त्याची आई काहीतरी सांगू लागली, तर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तू चूप बैठ. तुझे क्या समझता?" आई हसली आणि गप्प झाली.

पाहुणे गेल्यावर रविता म्हणाली, "बाबूजी, मले पोरगा नापसंत आहे."

"पोरगी नापसंत होते. पोरगा कसा होईन?" दुर्गाप्रसाद चिडले.

"आवडला नाई म्हण फार तं," आई सुखवंता पुटपुटली.

"नावडाले तो का दोडका आहे?" रविता म्हणाली.

स्थळ आणणाऱ्या जागेश्वरमामांचा फोन आला तेव्हा दुर्गाप्रसाद म्हणाले, "पोरगी आणखी शिकाचं म्हणून राहिली."

"असं नाई म्हटलं मी!" रविता ओरडली. त्यांनी हातानंच तिला गप्प केलं.

पंधरवड्यानं जागेश्वरमामा लोकेंद्रच्या वडिलांना घेऊनच आले. लग्नानंतर शिकू देऊ, साखरपुड्याची तारीख काढा, असं लोकेंद्रचे वडील म्हणाले. रविता कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"काकाजी, शिकाचं मी म्हटलंच नाई. मले पोरगा नापसंत आहे."

"काऊन? काय कमी आहे त्याच्यात?"

"मायले सगळ्याइच्या समोर चूप बस म्हणते."

ते खरोखरच गोंधळले. "एवढंच? तसं तं आमी सगळेच म्हणतो."

चहा न घेता ते उठले. दुर्गाप्रसाद तेव्हापासून रविताशी बोलले नाहीत.

त्या आठवड्यात मायलेकी दळण घेऊन चक्कीवर गेल्या. शेजारची रुख्मा जवळ आली. "गोंदियावाल्याइनं बी नापसंत केलं म्हणते तुले? जाऊ दे बाई."

"त्याइनं नाई काकू, मी केलं."

"हो, हो." रुख्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी केलं म्हणतो ना!" रविताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून रुख्मा आणखीच कळवळली.

सुखवंतानं डबा खाली ठेवला. "तिनंच नापसंत केलं पोराले," ती म्हणाली.

"मायच ती," रुख्मा म्हणाली, "पोरीची बाजू घेनच." आणि आपलं पीठ उचलून निघाली.