करंगळीशेजारचं बोट

अमेरिकेतल्या टूसानच्या टेनिस कोर्टवर सकाळी नऊलाच ऊन तापलं होतं, पण लॉनी बेकविथच्या अंगाची आग उन्हाची नव्हती. पंच बाईंनी निकाल सांगितला होता: फेरतपासणीत त्याच्या हातात ठरल्यापेक्षा जास्त ताकद भरली. आता चाकाच्या खुर्चीतल्या टेनिसमध्ये हात अधू असलेल्यांच्या गटात तो खेळू शकत नाही. यापुढे धडधाकट हातांच्या पोरांच्या गटात खेळायचं, म्हणजे पहिल्याच फेरीत घरी. देशाच्या संघातली त्याची जागाही गेली.

"तक्रार कुणाची?"

"नाव सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. पण मजकूर त्यांनी वाचून दाखवला. 'रॅकेट हाताला बांधताना करंगळीशेजारचं बोट आपोआप दांडीभोवती वळतं.'

लॉनीला नावाची गरजच उरली नाही. त्याची मूठ वळत नाही, म्हणून रॅकेट हाताला चिकटपट्टीने बांधावी लागते, आणि ती एकट्याला बांधता येत नाही. नऊ वर्षं ती डेलमार बांधत होता आणि लॉनी डेलमारची. दोघं दुहेरीत जोडीदार. मार्चमध्ये ते बोट हललं, तेव्हा लॉनी लहान मुलासारखा रडला होता. बायकोला, रोझलिनला, सांगितलं नव्हतं. उगाच आशा लागायची. सांगितलं फक्त डेलमारला. तोही रडला होता, मेला!

संघात जागा दोन. डेलमार तिसरा होता.

तो सावलीत खुर्चीचे पट्टे आवळत बसला होता. लॉनी समोर गेला.

"माझं बोट विकलंस?"

डेलमारने मान खाली घातली. "नियम आहे, लॉनी. आज ना उद्या कळलंच असतं."

"मग मला सांगायचंस की, गाढवा! मी स्वतः गेलो असतो तपासायला."

"गेला असतास?"

गेला नसता, हे लॉनीला ठाऊक होतं. त्याचा त्याला जास्तच संताप आला.

"मी एक्कावन्नचा झालो रे," डेलमार म्हणाला. "पुढच्या खेपेला कोण घेणार मला?"

तेवढ्यात त्याच्या सामन्याचा पुकारा झाला. डेलमारने सवयीने रॅकेट मांडीवर घेतली, हात पुढे केला आणि मग चपापून मागे ओढला. आसपास दुसरं कुणी नव्हतं.

"आण इकडे," लॉनी म्हणाला.

त्याने पट्टी गुंडाळली, मनगटापासून, नऊ वर्षं गुंडाळली तशीच. शेवटचं टोक तो नेहमी दातांनी ओढून ओठांनी दाबायचा. आज त्याने ते करंगळीशेजारच्या बोटाने दाबलं. डेलमार बघत राहिला.

"घट्ट बसली?"

"बसली."

"मग जा. सामना झाला की सोडायला दुसरं कुणीतरी बघ."