चुंबळीवर झेललेला चेंडू

मी बेसबॉलचा चेंडू बोलतोय. क्रिकेटचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण इकडे मला हातात घेणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, की हा पांढरा कसा काय? पांढरा आहे, लाल दोऱ्याने शिवलेला आहे आणि बॅटचा सणसणीत फटका खाऊन लांब जाण्यासाठी जन्माला आलेला आहे. एवढी साधी गोष्ट माणसांच्या डोक्यात शिरायला किती वेळ लागावा, याची ही हकीकत.

मेरठच्या एका कारखान्यात मला शिवलं. शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका ओढला, मला जमिनीवर आपटून पाहिलं आणि बाजूच्या ढिगात टाकलं. तिथून औरंगाबादच्या दुकानात आणि दुकानातून काकासाहेब सरांच्या पिशवीत. हे सर केदारखेड्याजवळच्या एका शाळेत खेळ शिकवायचे. स्वतः कबड्डीत वाढलेले. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचं साल होतं आणि शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल हा नवा खेळ आला होता. त्याचं शिबिर करून सर मला घेऊन गावाकडे निघाले.

माणूस वाईट नव्हता. पोरींना मैदानावर आणण्यासाठी घरोघरी फिरला, बापांची बोलणी खाल्ली. पण शिबिरात दुपारच्या जेवणानंतर नियमांचा उरलेला भाग सांगणार होते, आणि यांना भोकरदनची गाडी गाठायची होती. गाडी गाठली. नियम अर्धाच घेऊन आले.

तो अर्धा नियम त्यांनी पोरींना मोठ्या खुशीत सांगितला. "पिचरनं फेकलेला बॉल अंगाला लागला की पहिला बेस, म्हंजी पळायचा पहिला टप्पा, फुकट. मारायची गरजच न्हाई. पोरींनो, हालायचं न्हाई. अंगावर घ्यायचा."

बेबीनंदा नावाची दहावीतली मुलगी होती. तिची आई चांगुणाबाई मजुरीने कापूस वेचायला जायची, आणि सुट्टीच्या दिवशी ही पण. बेबीनंदाने विचारलं, "सर, मी मारते की. मला जमून राह्यलं."

खरंच जमत होतं. पहिल्याच आठवड्यात तिने मला असं हाणलं होतं, की मी शाळेच्या कुंपणावरून थेट पलीकडच्या कपाशीत. काय सांगू तो आनंद! माझ्या सगळ्या आयुष्यात मला कळलेली ती पहिली धड गोष्ट. पण सर म्हणाले, "मारलेला बॉल कोणी झेलला तर आउट. अंगावर घेतलेला बराबर बेस देतो. तू घे अंगावर."

मग पोरींनी त्यावर उपाय काढला. डोक्यावर पाण्याची घागर नाहीतर गवताचा भारा घेताना बायका फडक्याची गोल चुंबळ करून ठेवतात ना, तशी चुंबळ करून त्यांनी बाहीच्या आत कोपराजवळ बांधली. ओझं डोक्यावर न टोचता घ्यायची सवय होतीच, आता मार घ्यायची लागली. रोज संध्याकाळी सर मला फेकायचे आणि मी धप्पकन एकेकीच्या चुंबळीवर. कधी चुंबळ सरकायची आणि मी हाडावर. पोरी ओठ दाबून उभ्या राहायच्या आणि सर म्हणायचे, "शाबास." मला मात्र चीड यायची. अरे, बॅट कशाला दिली आहे हातात? राखण करायला?

सगळ्यात वाईट हे, की ही युक्ती चालली. तालुक्याच्या सामन्यांना अंपायर म्हणून दुसऱ्या शाळांचे शिक्षकच होते, आणि त्यांचाही नियम अर्धाच होता. कोणाला लागलं की ते लगेच पहिल्या बेसकडे हात दाखवायचे. वळ उठत गेले आणि संघ जिंकत गेला. असं करत आम्ही जालन्याला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर आष्टीच्या मुली.

जिंकलं तर संघ विभागाला जाणार होता. बेबीनंदाची दहावी, म्हणजे शाळेकडून खेळायचं हे शेवटचं वर्ष. आईने तिला बजावलं होतं, "जिंकली त जाय म्होरं. हारली त उद्यापासून माह्यासंग कापसाला." त्यामुळे तो सामना तिच्यासाठी काय होता, हे वेगळं सांगायला नको.

शेवटचा डाव. आपला संघ एका रनने मागे, दोघी आउट झालेल्या, तिन्ही बेसवर आपल्या मुली उभ्या आणि बॅट बेबीनंदाच्या हातात. न मारता सोडलेल्या चेंडूंचे दोन स्ट्राइक होऊन गेले होते (तिसऱ्याला आउट), कारण आमच्या बाईसाहेब अंगावर येणाऱ्या चेंडूची वाट बघत उभ्या. आष्टीच्या पुष्पाने मला फेकलं. मी आत वळलो, नेम चुकून बेबीनंदाकडेच निघालो. तिने कोपर पुढे केलं. धप्प.

फुकटचा बेस मिळाला की तिसऱ्या बेसवरची मुलगी आत येऊन रन आणि बरोबरी, म्हणून सरांनी दोन्ही हात वर केले. ती बेसकडे निघाली. पण या सामन्याला नियम पुरते शिकलेल्या अंपायर मॅडम होत्या, त्यांनी तिला थांबवलं.

"कुठं चाललीस? तू चुकवायचा प्रयत्नच केला नाहीस. बेस नाही. हा नुसता 'बॉल' धरला, म्हणजे ना स्ट्राइक, ना बेस. ये परत."

सर धावत आले. "मॅडम, लेकराला लागलं न्हाई का? वळ दिसून राह्यला ना!"

"लागलं हो सर. पण नियम असा आहे, की फलंदाजाने अंग चोरलं आणि तरी लागलं, तरच बेस. मुद्दाम उभं राहून घेतलं तर नाही. बॅट फिरवताना लागलं तर उलट स्ट्राइक."

"हा नियम कधी आला?"

"पहिल्यापासून आहे."

बेबीनंदा त्यांच्याकडे बघत होती. काहीतरी सांगा, असा चेहरा होता तिचा. सर एवढंच म्हणाले, "मंग आता मार."

आता मार! महिनोन्महिने ज्या हाताला हलू नकोस म्हणून शिकवलं, त्याला एका दमात सांगितलं, आता मार. पुष्पाने पुन्हा फेकलं आणि मी निघालो, अगदी मधोमध, कमरेच्या उंचीवर, सरळ. असा चेंडू नशिबाने मिळतो. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं हाण मला, हाण! तिने पाहिलं. तिची बॅट जराशी हलली सुद्धा. पण त्याआधी तिचं कोपर पुढे आलं, सवयीने. मी तिच्या समोरून गेलो आणि मागच्या मुलीच्या हातमोज्यात बसलो. तिसरा स्ट्राइक. सामना संपला.

परतताना जीपमध्ये सर म्हणाले, "अंपायर त्यांच्या बाजूची व्हती."

दुसऱ्या दिवशी कापसाला जायच्या आधी बेबीनंदा मैदानावर आली. चुंबळ सोडून फेकलेली. "सर, एकदा टाका. मारते." सर म्हणाले, "स्पर्धा झाली बेबे, आता काय करती मारून?" पण टाकला. तिने मला असं मारलं, की कुंपण, रस्ता, बांध ओलांडून मी कपाशीत जाऊन पडलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा फटका, आणि मोजायला कोणी नाही. पोरींनी शोधलं, मी सापडलो नाही.

पुढे कापूस वेचताना मी चांगुणाबाईच्या हाताला लागलो. तिने ओटीतल्या कापसासोबत मला घरी आणलं आणि कोनाड्यात ठेवलं. आता माझा दोरा सुटला आहे, कातडं पिवळं पडलं आहे. अधूनमधून पाल येऊन बसते.

बेबीनंदा जाफराबादला दिली आहे, तिथे अंगणवाडीत काम करते. मागच्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिने मला उचललं, बराच वेळ हातात फिरवलं. चांगुणाबाई म्हणाली, "लई लागलं व्हतं का गं तुला तवा? सांगितलं न्हाई कधी."

"हाताला लागलं ते चार दिवसांत गेलं, आई. मधातून निघून गेला ना एक बॉल, तो अजून दिसतो."

ती मला कोनाड्यात ठेवून चुलीकडे गेली. मला तिला सांगायचं होतं, की मलाही तोच दिसतो. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कोणी लेकरू बॅट धरून उभं असेल, तर त्याला बाजूला व्हायला शिकवा, मारायला शिकवा. नुसतं उभं राहायला शिकवू नका. माझं तर आता झालं.