होयबाची घोडी

आमच्या साडूंना जनावरांची उत्तम समज आहे, असे ते स्वतः सांगतात. दुसऱ्या कोणाकडून हे ऐकल्याचे मला आठवत नाही. एका मोठ्या कचेरीत ते माणसे सांभाळतात, म्हणजे खालच्यांवर खेकसतात आणि वरच्यांची री ओढतात. या दोन कामांच्या जोरावर बढत्या घेत घेत ते आता अशा खुर्चीवर पोचले आहेत, की खेकसायला खाली पुष्कळ जण आहेत, पण री ओढण्याजोगे वर फारसे कोणी उरलेले नाही. आठवडाभर ही उपासमार सोसून रविवारी ते घोडेस्वारीच्या क्लबात जातात. तिथे क्लबाचे अध्यक्ष भेटतात.

घोड्याआधी त्यांनी कुत्रा घडवला होता. घडवला हा त्यांचा शब्द. कौतुकाने जनावर शिकते, असे त्यांनी कुठेतरी वाचले आणि त्यातले निम्मे लक्षात ठेवले. कुत्र्याला ते उठता-बसता ‘शाबास’ म्हणत, पण म्हणत नेमके कधी, तर एका हाताने त्याचे मानगूट धरून दुसऱ्या हाताने कानात औषध घालताना. आता त्या घरात कोणी शाबास म्हटले, की कुत्रा सोफ्याखाली जातो आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर येत नाही. मागे भाचीला बक्षीस मिळाले, तेव्हा तिचे अभिनंदन आम्हाला गच्चीवर जाऊन करावे लागले. साडूंचे म्हणणे, कुत्रा विनयशील आहे.

घोडी त्यांनी घेतली ती रंग बघून. अध्यक्षांचा घोडा तांबूस, म्हणून हीही तांबूस. तिचे दात, खूर, स्वभाव वगैरे किरकोळ गोष्टींत ते शिरले नाहीत. ती आली तेव्हा कोणी नुसता टोपी नीट करायला हात वर केला, तरी लाकडी बाहुलीसारखी जागच्या जागी ताठ व्हायची. आधीच्या मालकाने तिला काय शिकवले असेल ते त्यावरून कळत होते. भाचीने तिचे नाव ठेवले ठकी.

भाची म्हणजे साडूंची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. वडिलांचा एकही गुण तिने घेतला नाही, याचे श्रेय माझ्या मेहुणीला द्यायला हवे. पहिले कित्येक दिवस तिने ठकीला हातही लावला नाही. तबेल्यात बादली पालथी घालून बसायची आणि अभ्यासाचे पुस्तक मोठ्याने वाचायची. ठकीला अर्थशास्त्र किती समजले कोण जाणे, पण एके दिवशी तिने मान पुढे करून पुस्तक हुंगले आणि पानाचा कोपरा खाल्ला. भाचीने घरी फोन करून सांगितले, तेव्हा साडू म्हणाले, ‘‘म्हणजे अजून बालवाडीच चालू आहे?’’

मग लांब दोरी, मग गुडघ्याएवढा रबरी चेंडू. खेळाचे नियम भाचीने ठरवले आणि स्वतःही पाळले. चेंडू माणसापासून लांब ढकलायचा, अंगावर नाही. खेळताना हातातून खाऊ नाही, नाहीतर जनावर हात चाचपायला लागते आणि मग दात लावते. ठकीने खांदा घुसवला, की खेळ बंद. रागावणे नाही, ओरडणे नाही, नुसता बंद. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, थांबण्याचा शब्द. घोडे थांबवताना स्वार म्हणतात तसा, लांब आणि खालच्या पट्टीतला: ‘होऽ.’

हा शब्द म्हटला, की ठकी थांबायची, आणि लगेच दोरी सैल व्हायची, भाची तिची आयाळ खाजवायची, जगातल्या सगळ्या कटकटी मिटायच्या. ‘‘तिच्यासाठी तो हुकूम नाही, काका,’’ भाची मला म्हणाली होती. ‘‘आता कोणी काही करणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. मी तो कधी खोटा पडू दिला नाही.’’

अडचण एवढीच, की आमचे साडू आयुष्यभर याच एका शब्दावर जगत आले आहेत.

घरात ते ‘हो’ म्हणत नाहीत. घरात ‘हं’, ‘बघू’ आणि ‘डोकं खाऊ नका’. हाताखालच्यांना ‘नाही’. पण वरचा माणूस बोलू लागला, की त्यांच्या छातीच्या तळातून एक ‘होऽ’ निघतो. असा लांब, असा मऊ, असा कृतकृत्य, की पट्टीच्या घोडेस्वाराला वर्षभर घोटून जमणार नाही. ठकीला हा सूर कमालीचा पसंत होता.

त्यामुळे साडू एकटे असले, की ठकी छान चालायची. अध्यक्षांच्या शेजारून निघाली, की दर वाक्यागणिक थांबायची. अध्यक्ष पाच घोड्यांइतके अंतर पुढे जाऊन, कोणाशी बोलतोय आपण, म्हणून वळून बघायचे. त्यातून मेहुणी कुंपणाशी उभी राहून नवऱ्याला ‘‘अहोऽ, टोपीचा पट्टा’’ म्हणायची. ती हाक ऐकली, की ठकी हटकून थांबायची आणि साडू तिच्या मानेवर जायचे.

‘‘बाबा, तुम्ही हो म्हणता ना, म्हणून ती थांबते,’’ भाचीने समजावले.

‘‘मग काय अध्यक्षांना नाही म्हणू?’’

‘‘बरोबर म्हणा. खरंय म्हणा. काहीही म्हणा.’’

साडूंनी एक रविवार ‘बरोबर’ वापरून पाहिले. अध्यक्षांच्या दोन वाक्यांपर्यंत तग धरला. तिसऱ्याला ‘बरोबर, होऽ’ झाले आणि ठकी थांबली.

‘‘तू तिचा शब्द बदल,’’ साडू म्हणाले.

‘‘बदलेन. पण वेळ लागेल. आणि मध्ये कुठेतरी जुना शब्द खोटा पाडावा लागेल. ती परत घाबरेल.’’

‘‘म्हणजे घोडीसाठी मी माझं बोलणं बदलायचं?’’

‘‘भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना,’’ मेहुणी मला म्हणाली. मी काय सांगणार. ज्या माणसाच्या घरात कुत्रा कौतुकाला घाबरतो, त्याला घोडीची बाजू समजावण्याइतका मी आशावादी नाही.

शेवटी साडूंनी निकाल दिला. क्लबाच्या कार्यकारिणीत एक जागा रिकामी होती आणि पुढच्या रविवारी अध्यक्ष एकेका इच्छुकाबरोबर घोड्यावरून फेरी मारून माणूस जोखणार होते. ‘‘त्या दिवशी ही पुन्हा अडली, तर सोमवारी व्यापारी येऊन घेऊन जाईल. मी बोलून ठेवलंय.’’ घोड्यांचा हा व्यापारी क्लबात सगळ्यांना माहीत होता. त्याच्याकडून जनावर पुढे कुठे जाते, हे कोणी विचारत नसे आणि तो सांगत नसे.

भाची त्या आठवड्यात रोज ‘ठकीला देऊ नका’ म्हणत राहिली आणि धड जेवली नाही.

रविवारी सकाळी रिंगणाच्या कुंपणाशी कार्यकारिणीचे सभासद चहाचे पेले घेऊन ओळीने उभे होते. मेहुणी डबा घेऊन आली होती, मी मेहुणीने बोलावले म्हणून. अध्यक्ष हे एक भरघोस गृहस्थ. घोड्यावर ते बसत नसत, स्थानापन्न होत. त्यांच्या बोलण्यात प्रश्नचिन्ह कधी नसे आणि इतरांच्या बोलण्याकडे त्यांचे लक्ष नसे.

‘‘मागचं मोकळं मैदान वाया जातंय,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘घोडे नुसते हुंदडतात. तिथे पाहुण्यांसाठी हिरवळ करावी म्हणतो.’’

‘‘होऽ,’’ साडू म्हणाले. ठकी थांबली.

भाचीने कुंपणाची फळी घट्ट धरली. साडूंनी टाच मारून ठकीला पुन्हा शेजारी आणले.

‘‘घोड्यांना खेळ कशाला लागतो. शिस्त लागते.’’

‘‘होऽ.’’ ठकी थांबली.

असे चारदा झाले. साडूंचे कान लाल झाले होते. मग अध्यक्षांनी घोडा वळवला आणि ठकीकडे निरखून पाहिले.

‘‘मी बोललो, की तुमची घोडी थांबते,’’ ते म्हणाले.

साडूंना तोंड उघडायचे नव्हते, पण अध्यक्ष विधान करून थांबले होते आणि त्यांच्या विधानापुढची शांतता साडूंना सोसत नाही. ‘‘होऽ,’’ ते म्हणाले.

‘‘ऐकून घेते. मान खाली घालून ऐकून घेते. इतक्या वर्षांत माझं असं कोणी ऐकलेलं नाही.’’ कुंपणापाशी उभी असलेली सगळी कार्यकारिणी यावर मान डोलावत होती. ‘‘हे जनावर मला हवंय. देता.’’

‘‘होऽ,’’ साडू म्हणाले. ठकी आधीच थांबलेली होती, तिला आणखी काही करण्यासारखे नव्हते.

‘‘बाबा,’’ भाची म्हणाली.

‘‘मोठी माणसं बोलतायत,’’ साडू घोडीवरून उतरता उतरता म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतके निर्मळ समाधान पूर्वी पाहिले नव्हते. घोडी जात होती आणि जागा मिळत होती. मुलीचे काय होत होते, हा मुद्दा त्या दिवसाच्या विषयपत्रिकेवर नव्हता.

अध्यक्ष ठकीवर स्थानापन्न झाले आणि त्यांनी दोन्ही टाचा हाणल्या. ठकी दुडक्या चालीने धावू लागली. रिंगणात भुसभुशीत वाळू, कुंपण बंद, त्यामुळे जिवाला धोका काही नव्हता. पण ती थांबेना. अध्यक्ष म्हणाले, ‘‘बस.’’ मग ‘‘थांब.’’ मग ‘‘नाही, नाही,’’ जो त्यांच्या तोंडचा सगळ्यात तयार शब्द होता. मग त्यांनी लगाम खेचला. तोंडाला हिसका बसताच ठकीला आधीचा मालक आठवला असावा, तिने वेग वाढवला.

‘‘अरे, थांबवा हिला,’’ अध्यक्ष आमच्यासमोरून जाताना म्हणाले.

मेहुणीने तोंड उघडले. तिच्या एका हाकेत काम झाले असते. मग तिने मुलीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि डब्याचे झाकण नीट लागले आहे का ते तपासू लागली.

भाची फळी ओलांडून रिंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ‘‘आधी लगाम सोडा, काका,’’ ती म्हणाली. ‘‘तिचं तोंड दुखतंय. ढिला सोडला, की ती आणखी जोरात पळणार नाही.’’

अध्यक्षांनी एका फेरीनंतर ऐकले. ठकी खरेच सावकाश झाली, पण चालूच राहिली.

‘‘आता मी विचारते त्याला हो म्हणा.’’

‘‘काय विचारायचंय? लवकर विचार.’’ बहुधा त्यांच्या हयातीतले ते पहिले प्रश्नचिन्ह होते.

‘‘घोडी माझ्याकडे राहू दे?’’

‘‘हो, हो, हो.’’ अध्यक्षांनी हे तिन्ही हो फेकून दिले, दारावरच्या विक्रेत्याला वाटेला लावावे तसे. ठकीने कानसुद्धा हलवला नाही.

‘‘असं नाही, काका. हळू म्हणा. समोरच्याचं खरंच पटल्यासारखं.’’

अध्यक्ष गोरेमोरे झाले. समोरच्याचे पटणे म्हणजे काय, हे त्यांना या वयात, धावत्या घोडीवर, कार्यकारिणीसमोर शिकायचे होते. पुढच्या फेरीला त्यांचा ‘हो’ प्रश्नासारखा निघाला, त्याच्या पुढच्या फेरीला खोकल्यासारखा. साडू कुंपणापाशी ओठ हलवून त्यांना सूर दाखवत होते. मोठ्या साहेबांच्या उपयोगी पडण्याची ती संधी त्यांना दवडवत नव्हती, पण आवाज काढायची हिंमत नव्हती. न जाणो, आगाऊपणा वाटायचा.

‘‘घोडी माझ्याकडे राहू दे?’’ भाचीने पुन्हा विचारले. आवाज जराही चढवला नाही. याच आवाजात तिने ठकीला अर्थशास्त्र वाचून दाखवले होते.

अध्यक्षांचे खांदे उतरले. दम संपला होता, मानही संपला होता. ‘‘होऽ,’’ ते म्हणाले, लांब आणि खालच्या पट्टीत.

ठकी थांबली. भाचीने जाऊन तिची आयाळ खाजवली, तोंड तपासले, जिभेवर बोट फिरवून जखम नाही ना पाहिले. अध्यक्ष उतरले, त्याकडे तिचे लक्ष नव्हते.

‘‘तो शब्द मी घोडीला उद्देशून म्हटला,’’ अध्यक्ष कपडे झटकत कार्यकारिणीला म्हणाले. कार्यकारिणीने मान डोलावली. ‘‘जनावर धोकादायक आहे. मला नको.’’ मग साडूंकडे वळून, ‘‘तुमच्याकडेच ठेवा.’’

साडूंना जागा मिळाली नाही. ती ज्यांना मिळाली त्या गृहस्थांकडे घोडा नाही. ते मोटारीने येतात.

घरी परतताना गाडीत ‘‘ठकीची लांब दोरी बदलायला हवी, आतून झिजलीये,’’ असे काहीतरी भाची आईला सांगत होती आणि मेहुणी डब्यातले गारढोण जेवण तिला भरवत होती, कारण मुलीचे दोन्ही हात घोडीच्या वासाने भरलेले होते.

सोमवारी सकाळी व्यापारी ठरल्याप्रमाणे दारात आला. भाची जिन्यात येऊन उभी राहिली. साडूंनी बुटाची नाडी बांधता बांधता त्याला सांगितले, की घोडी द्यायची नाही. व्यापारी म्हणाला, तुम्हीच तर बोलावलंत. साडू म्हणाले, ‘‘प्रत्यक्ष अध्यक्षांनी सांगितलंय, तुमच्याकडेच ठेवा. त्यांच्या शब्दाबाहेर मी कसा जाणार?’’

मुलीने आठवडाभर मागितलेली गोष्ट त्यांनी अशा रीतीने दिली, आणि त्यात मुलीचा संबंध कुठे आला हे त्यांना आजही कळलेले नाही. व्यापाऱ्याने पुन्हा विचारले. साडूंनी त्याला ठणकावून नाही म्हटले. ते त्यांना जड गेले नाही. तो बिचारा कशाचाच अध्यक्ष नव्हता.